विवरणपत्र लिहून घ्यावे कोणाकडून?

जून महिना निम्मा झाला की पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पावसाबरोबर आणखी एक हंगाम सुरू होतो. वर्षभरात पगारातून किती कर कापला याचे फॉर्म १६ हे प्रमाणपत्र कामगारांच्या हाती येते, कँटीनच्या टेबलांवर कराच्या गोष्टी निघू लागतात, आणि शेजारी बसलेला एखादा सोबती हळूच सांगतो, "आमच्या माणसाकडे दे. गेल्या वर्षी त्याने मला चाळीस हजार परत आणून दिले." ऐकणाऱ्याच्या मनात त्या क्षणी जो विचार येतो तो अगदी स्वाभाविक असतो. चाळीस हजार म्हणजे मुलाच्या शाळेची फी, किंवा घराच्या कर्जाचे दोन हप्ते. "आमचा माणूस" कोण, त्याचे शिक्षण काय, आणि हे चाळीस हजार त्याने आणले तरी कोठून, हे प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. आजच्या भाषणाचा विषय हे न विचारलेले प्रश्न हाच आहे.

हा प्रश्न या भागात विशेष महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पाहता पाहता आकुर्डी, भोसरी, चिंचवड या गावांच्या शिवारात कारखान्यांच्या चिमण्या दिसू लागल्या. १९७० साली येथे नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे मोटारींचे कारखाने चाकणच्या माळावर गेले आणि तळवड्यास संगणकाच्या कंपन्या आल्या. ज्या घरातील आजोबांनी सातबारा आणि शेतसाऱ्याची पावती यांपलीकडे सरकारी कागद पाहिला नव्हता, त्या घरातील नातू आज दरसाल आयकराचे विवरणपत्र भरतो. मिळकत एका पिढीत वाढली. परंतु करासंबंधीचे घरगुती शहाणपण मात्र त्या वेगाने वाढले नाही. आई मुलीला हिशेबाची वही लिहावयास शिकविते, पण विवरणपत्र वाचावयास कोण शिकविणार? तेव्हा माहितगार माणसावर विसंबणे क्रमप्राप्त होते.

विसंबून राहण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. जुन्या गावगाड्यात दप्तर कुळकर्ण्याकडे असे. कुळकर्णी लिही आणि शेतकरी आंगठा उठवी. कुळकर्णी सचोटीचा असला तर गाव सुखी; नसला तर कागदावर काय चढले हे आंगठा उठविणाऱ्यास पुष्कळदा जप्ती आल्यावरच कळे. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने ही वतने संपली. परंतु लिहिणारा एक आणि उत्तरदायी दुसरा, ही स्थिती आयकराच्या बाबतीत अद्याप तशीच आहे. फरक एवढाच की, आता आंगठ्याच्या जागी मोबाईलवर आलेले सहा अंक सांगितले जातात.

या सहा अंकांचा कायदेशीर अर्थ नीट समजून घ्यावयास पाहिजे. विवरणपत्र कोणीही लिहून दिले, तरी त्याचे सत्यापन करदात्याने स्वतः करावयाचे असते. आधारशी जोडलेल्या मोबाईलवर जो संकेतांक येतो तो सांगितल्याबरोबर, "यातील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी व पूर्ण आहे," असे प्रतिज्ञापूर्वक कथन करदाता करीत असतो. पुढे त्यातील एखादी रक्कम खोटी निघाली, तर "मला ठाऊक नव्हते, भरणाऱ्याने भरले," हे म्हणणे त्याचा बचाव होऊ शकत नाही. वैद्याने चुकीचे औषध दिले तर वैद्य जबाबदार धरला जातो. विवरणपत्राच्या बाबतीत मात्र लिहिणाऱ्यावर कारवाई झाली तरी कर, व्याज आणि दंड करदात्याच्याच डोक्यावर राहतात. योग्य माणूस निवडण्याचे सारे महत्त्व या एका गोष्टीत आहे.

आता हे काम करणारे लोक कोणकोणते, ते पाहू. पहिला वर्ग चार्टर्ड अकाउंटंट यांचा, म्हणजे सनदी लेखापालांचा. १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेची परीक्षा उत्तीर्ण होऊन जो सदस्य झाला त्यालाच ही पदवी लावता येते, आणि स्वतंत्रपणे व्यवसाय करावयाचा तर संस्थेचे व्यवसाय-प्रमाणपत्रही त्याजपाशी असावे लागते. या संस्थेची पिंपरी-चिंचवडसाठी स्वतंत्र शाखा आहे. दुसरा वर्ग करविषयक काम करणाऱ्या वकिलांचा. त्यांची नोंद बार कौन्सिलकडे असते. तिसरा वर्ग आयकर खात्याकडे रीतसर नोंदलेल्या करव्यवसायींचा. त्यांस वाणिज्य किंवा कायद्याच्या पदवीसारखी विहित पात्रता लागते. यांखेरीज २००६ साली सरकारने पदवीधरांना प्रशिक्षण देऊन विवरणपत्रे तयार करणाऱ्यांचा एक वर्ग निर्माण केला. त्यांस खात्याकडून प्रमाणपत्र व ओळखक्रमांक देण्यात आला.

परंतु यांपलीकडे पाचवा एक वर्ग आहे आणि संख्येने तो लहान नाही. कायद्याने दोन गोष्टींत भेद केला आहे. आयकर अधिकाऱ्यापुढे करदात्याच्या वतीने उभे राहण्याचा अधिकार वरीलपैकी पहिल्या तीन वर्गांतील पात्र व्यक्तींना, तसेच नातेवाईक अशा काही मोजक्या माणसांनाच आहे. उलटपक्षी, नुसते विवरणपत्र भरून देण्यास कोणतीही सनद लागत नाही. "करसल्लागार" अशी पाटी कोणीही रंगवून घ्यावी आणि झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकावे, त्यास आडकाठी नाही. असे काम करणारे सगळेच लबाड असतात असे समजणे अन्यायाचे होईल. त्यांपैकी कित्येकजण वर्षानुवर्षे सरळ हिशेब सचोटीने भरून देत आहेत. मात्र नोटीस आल्यावर त्यांना करदात्याबरोबर अधिकाऱ्यापुढे उभे राहता येत नाही, आणि त्यांनी गैरवर्तन केले तर तक्रार ऐकणारी, त्यांची सनद काढून घेणारी कोणतीही संस्था त्यांच्यावर नाही. चार्टर्ड अकाउंटंटवर त्याच्या संस्थेची शिस्त आहे, वकिलावर बार कौन्सिलची आहे. या माणसावर फक्त त्याच्या सदसद्विवेकाची आहे, आणि ती किती बळकट हे गिऱ्हाइकास आधी कळत नाही.

कँटीनमधील चाळीस हजारांचे कोडे येथे उलगडते. अशा परताव्याची किमया अगदी साधी असते. पूर्वीपासूनच्या करपद्धतीत घरभाडे, वैद्यकीय विमा, शिक्षणकर्ज, देणग्या अशा अनेक वजावटी आहेत. नव्या पद्धतीत त्यांपैकी बहुतेक नाहीत. म्हणून हा "आमचा माणूस" प्रथम गिऱ्हाइकास जुन्या पद्धतीत आणतो. नंतर स्वतःच्या घरात राहणाऱ्यास तो भाडेकरू करतो, ज्याने कधी मतदानापलीकडे राजकारण केले नाही त्यास एखाद्या पक्षाचा देणगीदार करतो, ठणठणीत आईबापांस दुर्धर रोग जडवितो. उत्पन्न कागदावर कमी होते, कापलेला कर जास्त ठरतो आणि जास्तीचा भाग बँकेत परत येतो. त्यातील शेकडा काही रक्कम हा माणूस आपली फी म्हणून घेतो.

याचा हिशेब एका उदाहरणाने मांडला म्हणजे त्यातील धोका स्पष्ट होईल. चाकणच्या कारखान्यातील एका कुशल कामगाराचे वर्षाचे वेतन १० लाख रुपये आहे असे समजू. प्रमाणित वजावट ५० हजार आणि भविष्यनिर्वाह निधी, विमा इत्यादींची दीड लाख वजा जाता जुन्या पद्धतीने त्याचे करपात्र उत्पन्न ८ लाख उरते व उपकरासह कर ७५,४०० रुपये होतो. कंपनीने तेवढाच कापला आहे. आता त्या माणसाने आणखी २ लाखांच्या खोट्या वजावटी घातल्या. उत्पन्न ६ लाखांवर आले, कर ३३,८०० वर आला आणि ४१,६०० रुपये परत आले. दहा टक्के फी म्हणून ४,१६० रुपये देऊन कामगार ३७,४४० रुपये घेऊन आनंदाने घरी गेला.

दोन वर्षांनी नोटीस येते. बुडविलेले ४१,६०० रुपये भरावेच लागतात. उत्पन्नासंबंधी जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरल्यास त्या कराच्या २०० टक्के दंडाची तरतूद कायद्यात आहे. म्हणजे दंड ८३,२०० रुपये. दोन्ही मिळून १,२४,८०० रुपये झाले, व्याज वेगळे. गंभीर प्रसंगी खटल्याची व तुरुंगवासाचीही तरतूद आहे. हातात पडले होते ३७,४४०. आणि फी घेतलेला गृहस्थ? त्याचा दूरध्वनी तोपर्यंत बंद झालेला असतो. विवरणपत्रावर त्याचे नाव नाही, सही नाही, पावती त्याने दिलेली नाही.

ही कल्पनेतील भीती नव्हे. २०१८ च्या एप्रिलमध्ये आयकर खात्याने पगारदारांना उद्देशून इशारा दिला होता की, उत्पन्न लपविण्याचा किंवा वजावटी फुगविण्याचा सल्ला देणाऱ्यांच्या नादी लागू नये. तरीही प्रकार थांबले नाहीत. १४ जुलै २०२५ रोजी खात्याने देशभर अनेक ठिकाणी तपासणीची मोहीम हाती घेतली, ती खोट्या वजावटी भरून देणाऱ्या मध्यस्थांविरुद्ध. ज्या राज्यांतून पुरावा मिळाला असे खात्याने सांगितले त्यांत महाराष्ट्राचे नाव होते, आणि फसलेल्यांत मोठमोठ्या कंपन्यांचे नोकर होते. त्याच वेळी खात्याने असेही जाहीर केले की, आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपली विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांच्या खोट्या मागण्या स्वतःहून मागे घेतल्या होत्या. या मोहिमेत आढळलेली एक युक्ती तर प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी अशी आहे. हे मध्यस्थ विवरणपत्रे भरण्यापुरते तात्पुरते ईमेल पत्ते काढीत आणि काम झाले की ते सोडून देत. पुढे खात्याच्या नोटिसा त्याच पत्त्यांवर जाऊन पडत. ज्याच्या नावाची नोटीस, त्याला तिचा पत्ताच नसे.

"इतक्या लाखो लोकांत आपल्याकडे कोण पाहणार?" असे पुष्कळांना वाटते. पूर्वी या म्हणण्यात थोडेफार तथ्य असेल. आज ते राहिलेले नाही. बँकेचे व्याज, शेअर्सची खरेदी-विक्री, घराचा व्यवहार यांची माहिती ज्या त्या संस्थेकडून खात्याकडे जाते आणि वार्षिक माहिती विवरणात प्रत्येकाच्या नावापुढे ती २०२१ पासून दिसू लागली आहे. धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीची नोंद त्या संस्थेने स्वतः खात्याकडे पाठवावयाची असते. ती तेथे नसेल तर देणगीदाराची वजावट उघडी पडते. वर्षाचे भाडे १ लाखावर असेल तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो आणि त्याच्या उत्पन्नात ते भाडे दिसले नाही तर दोघांनाही विचारणा होते. विम्याच्या पॉलिसीचा व कर्जखात्याचा क्रमांकही विवरणपत्रात मागितला जाऊ लागला आहे. जेथे दोन बाजूंच्या नोंदी यंत्र आपोआप पडताळून पाहते, तेथे एका बाजूने लिहिलेले खोटे फार दिवस टिकत नाही.

मग पात्र व प्रामाणिक माणूस ओळखावा कसा? याची पहिली खूण त्याच्या फीमध्ये आहे. परताव्याच्या टक्केवारीवर फी ठरविणारा माणूस, मग तो कोणीही असो, टाळावा. ज्याची मिळकत परताव्याच्या आकड्यावर अवलंबून आहे त्याला तो आकडा फुगविण्याचा मोह होणारच. म्हणून विवरणपत्राच्या कामाची फी निकालावर किंवा टक्केवारीवर ठरविणे हे चार्टर्ड अकाउंटंटांच्या नियमांप्रमाणे व्यावसायिक गैरवर्तन समजले जाते. कामाचे स्वरूप व लागणारा वेळ पाहून आगाऊ सांगितलेली, पावतीसह घेतलेली ठराविक रक्कम, हीच सरळ रीत होय. ती पाचशे-हजार रुपयांनी जास्त वाटली तरी वरील हिशेबापुढे ती काहीच नाही.

दुसरी खूण त्याच्या प्रश्नांत आहे. चांगला वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. तसा चांगला करसल्लागार कागद पाहिल्यावाचून आकडा सांगत नाही. तो फॉर्म १६ मागेल, वार्षिक माहिती विवरण उघडून पाहील, बँकांची सर्व खाती विचारील, वर्षात नोकरी बदलली काय, घर किंवा जमीन विकली काय, पत्नीच्या नावावरील ठेवींचे पैसे कोणाचे, हे खोदखोदून विचारील. भाड्याची वजावट मागितली तर भाडेकरार आणि भाडे दिल्याचा बँकेतील पुरावा दाखवावयास सांगेल. गिऱ्हाइकास ही चौकशी कटकटीची वाटते. पण ज्याने काही विचारले नाही, त्याने रिकाम्या जागा कशाने भरल्या असतील याचा विचार करावा. आणि तिसरी खूण ही की, असा माणूस प्रसंगी "हे बसत नाही" असे स्पष्ट सांगतो. नकार देण्याची शक्ती ही या व्यवसायातील खरी पात्रता आहे.

चौथी गोष्ट ओळखीची. नावामागे "सीए" ही अक्षरे आहेत एवढ्यावर भागू नये. प्रत्येक चार्टर्ड अकाउंटंटास सदस्यत्व क्रमांक असतो. तो विचारण्यात काहीही वावगे नाही, आणि संस्थेच्या संकेतस्थळावर तो पडताळून पाहता येतो. त्याने एखादे प्रमाणपत्र दिले तर त्यावर १८ चिन्हांचा एक स्वतंत्र क्रमांक असतो; २०१९ पासून तो टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाला असून तोही कोणास ताडून पाहता येतो. पुष्कळदा असे होते की, पाटी चार्टर्ड अकाउंटंटाची, आणि काम करणारा त्याच्या ओळखीचा सांगणारा तिसराच कोणी. तेव्हा काम प्रत्यक्ष कोणाच्या देखरेखीखाली होणार आणि उद्या नोटीस आली तर उत्तर कोण देणार, हे आरंभीच विचारून घ्यावे.

पाचवी गोष्ट सर्वांत सोपी, पण सर्वांत अधिक दुर्लक्षिलेली. आयकराच्या संकेतस्थळावरील खात्यास मोबाईल क्रमांक व ईमेल पत्ता करदात्याचाच असावा. गुप्तशब्द त्यालाच ठाऊक असावा. परतावा त्याच्याच बँकखात्यात यावा. विवरणपत्र पाठविण्यापूर्वी त्याचा मसुदा मागून घ्यावा आणि घरी शांतपणे वाचावा. त्यातील प्रत्येक वजावटीपुढे बोट ठेवून, "याचा कागद आपल्यापाशी आहे काय?" एवढा एकच प्रश्न विचारावा. या कामी घरातील दुसऱ्या माणसाची मदत घेतली तर फारच उत्तम. पती-पत्नींनी एकत्र बसून अर्धा तास दिला तरी ते पुरते. समाधान झाल्यावरच तो सहा अंकी संकेतांक सांगावा. हे सत्यापन विवरणपत्र पाठविल्यापासून ३० दिवसांत करावयाचे असते. तेव्हा वाचण्यास वेळ नाही ही सबब खरी नाही. पुढे पोचपावती व विवरणपत्राची पूर्ण प्रत जपून ठेवावी.

एवढे ऐकून कोणाला असे वाटेल की, प्रत्येकाने मोठी फी देऊन मोठ्या माणसाकडेच जावे. तसे मुळीच नाही. ज्याला एकाच कंपनीचा पगार व बँकेचे थोडे व्याज एवढेच उत्पन्न आहे, त्याचे विवरणपत्र सरकारी संकेतस्थळावर पुष्कळसे आधीच भरलेले मिळते. ते स्वतः ताडून विनामूल्य पाठविता येते, आणि घरातील शिकलेल्या मुलामुलींना एकदा सवय लागली की दरवर्षी कोणाचे उंबरे झिजविण्याचे कारण नाही. मात्र काही प्रसंग असे असतात की तेथे जाणत्याचा सल्ला फीच्या अनेकपट लाभ करून देतो, आणि तोही कायद्याच्या आत राहून. उद्योगनगरीत असे प्रसंग नेहमी येतात.

पहिला प्रसंग वेतनकराराचा. कामगार संघटना व व्यवस्थापन यांचा करार लांबतो आणि मग मागील दोन-तीन वर्षांच्या फरकाची रक्कम एकदम हाती येते. एका वर्षात उत्पन्न फुगल्यामुळे कर वरच्या दराने बसतो. हा अन्याय दूर करण्यासाठी १९६१ च्या कायद्यात कलम ८९ ची सवलत ठेवली गेली. ती घ्यावयाची तर विवरणपत्रापूर्वी एक वेगळा अर्ज करावा लागतो, जो १०ई या क्रमांकाने परिचित आहे. अर्ज राहिला तर सवलत जाते. खोट्या देणग्या भरणाऱ्या माणसास या खऱ्या सवलतीची बहुधा वार्ताही नसते. स्वेच्छानिवृत्तीचेही तसेच. ठराविक अटी पाळणाऱ्या योजनेखाली मिळालेल्या रकमेपैकी ५ लाखांपर्यंतचा भाग करमुक्त असतो. पण त्याच रकमेवर कलम ८९ ची सवलतही मागता येत नाही. कोणती वाट घ्यावी, हे हिशेब मांडून सांगणारा माणूस हवा.

दुसरा प्रसंग जमिनीचा. खेड, मावळ, हवेली या तालुक्यांत जमिनीस भाव आला आणि शेतजमीन विकली तर कर नाही, अशी समजूत सर्वत्र पसरली. ती अर्धीच खरी आहे. ज्या शहराची लोकसंख्या १० लाखांहून अधिक आहे, त्याच्या हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरच्या आतील शेतजमीन या सवलतीस पात्र ठरत नाही. लहान शहरांसाठी हे अंतर ६ व २ किलोमीटर असे कमी होत जाते. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १७ लाखांवर गेली होती. म्हणजे हद्दीपासून सहा कोसांवरील गावाचे उत्तर एक आणि दोन कोसांवरील गावाचे उत्तर दुसरे. लाखोंचा व्यवहार होण्यापूर्वी, नंतर नव्हे, जाणत्याकडे जावे ते याचसाठी.

तिसरा प्रसंग लहान कारखानदाराचा. भोसरीस दोन लेथ टाकून मोटारींचे सुटे भाग करणाऱ्याची उलाढाल वाढत गेली की कायद्याने लेखापरीक्षण करून घेणे भाग पडते, आणि ते केवळ व्यवसायात असलेल्या चार्टर्ड अकाउंटंटकडूनच करवून घ्यावे लागते. चौथा प्रसंग परदेशी कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांचा. मूळ कंपनीचे शेअर्स बक्षिसादाखल मिळाले असतील तर ते विकले नसले तरी विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावे लागतात. न दाखविल्यास २०१५ च्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे; लहान रकमांना पुढे त्यातून काही सूट मिळाली, तरी नोंद करण्याचे कर्तव्य सुटलेले नाही. हे प्रसंग "आमच्या माणसा"वर सोपविण्याचे नव्हेत.

राहता राहिला तो घरचा अवघड प्रश्न. ज्यांनी मागील वर्षी अशा माणसाच्या हाती कागद देऊन परतावा घेतला आहे आणि आता ज्यांच्या मनास चुटपुट लागली आहे, त्यांनी काय करावे? कायद्याने त्यांच्यासाठी एक दार उघडे ठेवले आहे. विवरणपत्र सुधारण्याची नेहमीची मुदत संपल्यावरही अद्ययावत विवरणपत्र भरता येते. २०२५ साली ही मुदत वाढवून संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिने करण्यात आली. कर व व्याज यांवर पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७० टक्के जादा रक्कम द्यावी लागते. मघाच्या कामगाराने पहिल्याच वर्षी ही वाट धरली, तर ४१,६०० रुपयांच्या करावर जादा रक्कम १०,४०० रुपये व शिवाय व्याज आणि त्यावरील हिस्सा एवढ्यावर सुटका होते. ८३,२०० रुपयांचा दंड टळतो. मात्र हे खात्याची कारवाई सुरू होण्यापूर्वी करावे, आणि या वेळी तरी खऱ्या पात्र माणसाकडे जावे. फसलो हे घरात सांगण्याची लाज वाटून पुष्कळजण गप्प बसतात, आणि व्याज मात्र गप्प बसत नाही.

१९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ साली नवा अधिनियम संमत झाला आणि त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. कलमांचे आकडे व अर्जांची नावे बदलतात. विवरणपत्रावर ज्याचे नाव, त्याचीच जबाबदारी, हे तत्त्व मात्र बदलत नाही. सकाळच्या पाळीस जाणारा कामगार यंत्राला हात लावण्यापूर्वी त्याचे कुंपण जागेवर आहे ना हे पाहतो. तेवढे पाहण्यास क्षणभर लागतो आणि बोटे शाबूत राहतात. पुढच्या जूनमध्ये कँटीनच्या टेबलावर कोणी हळूच चाळीस हजारांची गोष्ट काढली, तर ऐकणाऱ्याने एवढेच विचारावे: "त्याने तुझ्याकडे कागद कोणते मागितले?" उत्तर "काहीच नाही" असे आले, तर त्या माणसाचा पत्ता लिहून घेण्याचे कारण नाही.